मुलांना मैदानावर पाठवू नका

चोपडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे शिक्षक विचारतात: "आमच्याकडे आठवी ते दहावीच्या मुलींना वर्षातून एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर पाळीबद्दल सांगतात. तेवढा वेळ आम्ही मुलांना मैदानावर पाठवतो. यंदा एका पालकांनी मुलींच्या तासालाही हरकत घेतली. 'पोरींना हे आईनं सांगायचं, पोरांना तर सांगायची गरजच नाही,' असं त्यांचं म्हणणं. मुलगा असा असावा, मुलगी तशी असावी या समजुतींचा या वयातल्या लैंगिक आरोग्याशी खरंच संबंध असतो का, की हा शहरातल्या शिबिरांचा विषय आहे? आणि मुलांशी बोलायचं झालं तर सुरुवात कुठून करायची?"

सर, संबंध आहे. तो मी तासांत मोजलेला आहे, म्हणून आधी तासांचंच सांगते.

मी एमबीबीएस डॉक्टर. सुरुवातीची सात वर्षं नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी नोकरी केली, त्यानंतर जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आले. गेली पंधरा वर्षं वयात येणाऱ्या मुलामुलींची वेगळी ओपीडी चालवते आणि बोलावतील त्या शाळेत जाते. पुढे ज्या मुलांबद्दल लिहिणार आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून वय, गाव, घरचे तपशील बदलले आहेत.

पंधरा वर्षांचा एक मुलगा. घरची केळी, त्या दिवशी बागेत कापणी. पहाटे चारला अंडगोळीत अचानक कळ आली, उलटी झाली. आईला त्यानं सांगितलं, पोट दुखतंय. आईनं ओवा चावायला दिला, पोट शेकलं. बाप म्हणाला, घड उचलायची वेळ आली की बरं दुखणं आठवतं, पोरीसारखा कण्हू नको. पोरगा उठला आणि कामाला गेला. माझ्यासमोर आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चालतासुद्धा येत नव्हतं. वृषणाला पीळ पडला होता. हा पीळ साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. दिवस उलटला की बहुतेक वेळा काढावंच लागतं. त्याचं काढावं लागलं. नंतर मी विचारलं, आईला खरं का नाही सांगितलंस? "माले लाज वाटस ना, मॅडम." आणि बापाला? त्यावर तो खाली बघत राहिला.

हे दुखणं बारा ते अठरा या वयात सगळ्यात जास्त दिसतं. अचानक एका बाजूची गोळी दुखणं, ती वर चढल्यासारखी वाटणं, ओटीपोटात कळ, मळमळ. यातलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट न बघता निघायचं, एवढंच सांगायचं असतं. पाच मिनिटांचं काम. पण ज्या तासाला हे सांगता आलं असतं त्या तासाला मुलं मैदानावर असतात.

दुसरा मुलगा धडगावकडचा, वसतिगृहात राहणारा. सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराचा रुग्ण. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे, त्याची शिबिरंही होतात. सांधे दुखतात, रक्त कमी पडतं, डोळे पिवळे होतात, पाणी भरपूर प्या, इतकं सगळे सांगतात. पण सिकलसेल असलेल्या मुलग्यांत लिंग ताठ होऊन तासन्‌तास तसंच राहतं, असह्य दुखतं, हे कुणी सांगत नाही. मनात काहीही नसताना होतं. वाकड्या झालेल्या रक्तपेशी तिथल्या शिरांत अडकतात आणि रक्त परत फिरत नाही. चार तासांच्या वर गेलं तर ती तातडीची अवस्था असते, नाहीतर पुढे कायमची इजा होऊ शकते. हा मुलगा रात्रभर मांडीवर गोधडी दाबून बसला होता. खोलीतली मुलं हसली. देखरेख करणाऱ्यांनी घाणेरडे विचार करतोस म्हणून दटावलं. त्याला घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी मला बाजूला नेऊन कुजबुजत सांगितलं, जणू मुलानं काही गुन्हा केला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, चार महिन्यांपासून पहाटे अर्धा-अर्धा तास असं होत होतं. चार महिने तो गप्प होता. सिकलसेलच्या मुलांचं वयात येणंही इतरांपेक्षा उशिरा होतं, आवाज उशिरा फुटतो, मिसरूड उशिरा येतं. अशा मुलाला वसतिगृहात काय नावं पडतात ती मी इथे लिहीत नाही.

इतक्या वर्षांत मला समजलेलं हे असं आहे, सर. मुलगा रडत नाही आणि मुलगी बोलत नाही, या दोन समजुतींनी पोर दवाखान्यात उशिरा पोचतं. दुखणं शरीराचं असतं, उशीर आपण घातलेला असतो. त्यामुळे हा विषय मला समाजशास्त्राच्या पुस्तकातला वाटत नाही, तो माझ्या केसपेपरवर 'किती वेळापासून' या रकान्यात लिहिलेला असतो.

मुलींचा उशीर तासांचा नसतो, महिन्यांचा असतो. चौदा वर्षांची एक मुलगी कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातच चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन पाच. पाळी दहा-बारा दिवस चालायची, तासा-दोन तासांनी कापडाची घडी बदलावी लागायची, आणि हे वर्षभर चाललं होतं. आजी सोबत आली होती. म्हणाली, पोरनी जात शे, एवढं चालायचंच. आजीचा दोष म्हणावा तर तिनंही तसंच काढलं होतं. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-एक वर्षं ती मागेपुढे होणं स्वाभाविक आहे, या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. पण सात दिवसांच्या वर रक्त जात असेल, तासाभरात पॅड भिजत असेल, शाळा बुडावी इतकं दुखत असेल, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल, तर दाखवायला हवं. सोसणं हा मुलीचा गुण आहे असं आपण इतक्या लहानपणापासून शिकवतो की सोसण्यापलीकडचं काय, हे ओळखायची खूण तिच्याकडे उरतच नाही.

रक्ताचंच निघालं तर आकडा सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींत देशभरात ५९.१ टक्के रक्तक्षयी निघाल्या. घरात आधी आंडोरचं, म्हणजे मुलाचं, ताट वाढायचं आणि पोरीनं शेवटी जेवायचं, हे आपण बघतोच, त्यामुळे या आकड्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. पण त्याच सर्वेक्षणात त्याच वयाचे मुलगे ३१.१ टक्के आहेत. जवळपास दर तिसरा मुलगा. त्याबद्दल कधी कुणी बोललेलं ऐकलंय? रक्त कमी असणं हे बायकांचं दुखणं, असं एकदा ठरलं की मुलाचं रक्त तपासलंच जात नाही.

आणि इथून पुढे जे होतं ते मला सगळ्यात जास्त छळतं. हा रक्त कमी असलेला मुलगा थकतो, धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्याच वयात झोपेत वीर्य जायला सुरुवात झालेली असते. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या फाटकाजवळ 'कमजोरी, धात, स्वप्नदोष' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं तो रोज वाचतो. मोठी मुलं सांगतात, चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो. पोरगा दोन गोष्टी जोडतो आणि निष्कर्ष काढतो की आपली मर्दानगी वाहून चालली. मग कुणा वैदूच्या पुड्या, लॉजवर येणाऱ्या डॉक्टरचा कोर्स, दोन-चार हजार रुपये, कधी घरातून चोरलेले. एका मुलानं आईच्या कानातले गहाण टाकले होते. मी त्याचं रक्त तपासलं, पोटात जंत होते आणि हिमोग्लोबिन आठ. जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या यांनी तीन महिन्यांत तो खेळायला लागला. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

त्यामुळे मुलांसमोर हे स्पष्ट उच्चारावं लागतं: वीर्य रक्तापासून बनत नाही. शुक्राणू वृषणात रोज तयार होतात, एक पेशी पूर्ण तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, आणि ही प्रक्रिया अखंड चालू असते. झोपेत वीर्य जाणं हा दोष नाही, रोग नाही, त्याला औषध नाही आणि ते लागतही नाही. हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही, लिंग वाकडं होत नाही, पुढे मुलं व्हायला अडचण येत नाही. तुम्ही हे शांत आवाजात, प्रकाश-संश्लेषण शिकवता त्याच सुरात सांगितलंत तर मागच्या बाकावरचं हसणं दोन मिनिटांत थांबतं. माझा तरी हाच अनुभव आहे. हसतात ती सगळ्यात घाबरलेली मुलं असतात.

मुलींमध्ये याचंच जुळं भावंड आहे, अंगावरून पांढरं जाणं. हाडं झिजून पांढरं जातं, अशी समजूत घराघरात आहे. वयात येताना थोडा पांढरा, वास नसलेला स्राव जाणं नैसर्गिकच आहे. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग, दह्यासारख्या गुठळ्या असं काही असेल तर उपचार करायचे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण संडासला कडी नसते, किंवा तिथे जाण्याच्या वाटेवर मोठी मुलं उभी असतात. मग लघवीला जळजळ, ताप. हेही मी लिंगभेदाचंच दुखणं धरते. पॅड चार ते सहा तासांनी बदला, हे वाक्य तक्त्यावर लिहिणाऱ्यानं आधी कडी बसवून घ्यावी.

मुलांना आणखी एक सांगा, जांघेतल्या खाजेबद्दल. आपल्या हवेत, घट्ट जीन्समध्ये, दिवसभर घामात गजकर्ण होतं, ती बुरशी असते. मुलाला वाटतं लोक म्हणतील बाहेरचं काही केलं असेल, म्हणून डॉक्टरकडे जात नाही. मेडिकलवरून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणतो. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं, कातडी पातळ होते, पांढरे-लाल पट्टे उमटतात. भावाची ट्यूब, भावाचाच टॉवेल. सहा-सहा महिने लागतात निस्तरायला.

पाळी आणि विटाळ यावर बरंच बोललं जातं, मी थोडक्यात लिहिते. बिबडे-कुरडयांसारख्या वाळवणांना हात लावायचा नाही, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांजवळ, म्हणजे नैवेद्याजवळ, फिरकायचं नाही, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला सगळ्या झोक्यावर आणि ही एकटी खोलीत. मी घरोघरच्या श्रद्धांशी भांडायला जात नाही. पण पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मेडिकलवरून परस्पर आणून देणारे पालक दर श्रावणात दिसतात, आणि तिथे मी बोलते. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायची नाही आणि मुलीला न विचारता तर मुळीच नाही. गोळी थांबवल्यावर कधी जास्त रक्त जातं, ते तिला एकटीलाच निस्तरावं लागतं.

आता लग्नाकडे येते. या समजुतींची सगळ्यात मोठी किंमत तिथे मोजली जाते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या, राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, हे तुम्ही दहावीला शिकवता. तरी मुलगी झाली म्हणून सून माहेरी पाठवलेली मी पाहिली आहे, आणि तिचा नवरा विज्ञान शाखेचा पदवीधर होता. त्या जनगणनेतली ती पिढी आता वयात आली आहे. मुली कमी म्हणून त्यांची किंमत वाढेल असं काही जण म्हणायचे. झालं असं की मुलीवर पहारा वाढला आणि लग्नाची घाई वाढली. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. चाळीसगाव, पारोळ्याकडून ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, तिलाच एक कोयता म्हणतात. मग पोराच्या बरोबरीला पोरगी लागतेच. सोळाव्या वर्षी गर्भार राहिलेली, रक्त कमी असलेली मुलगी म्हणजे काय, हे मी बाळंतपणाच्या खोलीत पाहिलं आहे आणि मला त्याचं वर्णन करवत नाही. शिक्षक म्हणून तुम्हाला इतकं माहीत असावं की ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर नाव न सांगताही कळवता येतं. दहावीनंतरच्या सुट्टीत, आखाजीच्या मुहूर्तावर, वर्गातली एखादी मुलगी अचानक शांत झाली तर चौकशी करा.

मुलामुलींच्या एकमेकांशी वागण्याबद्दल पालक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात कमी बोलतात. एसटीत किंवा शाळेच्या मुलींसाठी असलेल्या मानव विकासच्या निळ्या बसच्या थांब्यावर एखादा मुलगा त्रास देतो. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर बस बंद होणार ती तिचीच. त्या मुलाच्या घरी कळलं तर उत्तर ठरलेलं, "पोऱ्या शे, चालस," मुलगा आहे, चालायचंच. म्हणजे तक्रार करणाऱ्याला शिक्षा आणि त्रास देणाऱ्याला सूट, हा हिशोब दोघंही बाराव्या वर्षापर्यंत पाठ करतात. मुलाला वाटतं पाठलाग म्हणजेच प्रेम, 'नाही' म्हणजे पुन्हा पुन्हा विचारत राहायचं. मोबाइलवर तो जे बघतो त्यात तर कुणी कुणाला विचारतच नाही. त्या चित्रफिती बघून आपलं शरीर कमी आहे, अशी भीती घेऊन मुलं माझ्याकडे येतात. मुलींना वाटतं फोटो मागितला तर पाठवावा लागतो, नाहीतर तो रागावेल. या सगळ्याबद्दल वर्गात बोलायलाच हवं, आणि मुलगे नसताना बोलून काही उपयोग नाही.

इथे कायद्याची दोन वाक्यं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलाची किंवा मुलीची संमती धरली जात नाही, आणि कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, शिक्षकांवरसुद्धा. मूल तुमच्याकडे येऊन काही सांगणार असेल तर 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन' असं म्हणा. पोलिसांनी मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हेही त्याला सांगा, भीती निम्मी होते.

पण याच कायद्याच्या धाकानं मुली लपूनही राहतात. दिवस गेल्याची शंका आली की मैत्रिणीकडून, कुणा भावाच्या ओळखीच्या मेडिकलवरून गर्भपाताच्या गोळ्या. अर्धवट गर्भपात होऊन, रक्तानं भिजलेल्या सलवारीत येतात. गर्भ नळीत असेल तर ती गोळी घेऊन घरी बसणं जिवावर बेतू शकतं. खरं म्हणजे असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी वेगळी, ती जितक्या लवकर तितकी उपयोगी, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. जबरदस्ती झाली असेल तर एचआयव्हीपासून वाचवणारी औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. गर्भपाताचा कायदा २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत सवलत देतो, पालकांची लेखी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात असंही म्हटलं की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पॉक्सोखाली कळवताना तिचं नाव, ओळख उघड करण्याची गरज नाही. ही वाट आहे, हे मुलीच्या आईला माहीत नसतं. तिला एवढंच दिसतं की गावात तोंड काळं होणार. मग सातवा महिना उजाडतो.

मुलग्यांवर होणारे अत्याचार हा यातला सगळ्यात अंधारा कोपरा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांचा अभ्यास केला. लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. निम्म्याहून जास्त. पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा फरक करत नाही, समाज करतो. मुलाला वाटतं, आपल्याला हे झालं म्हणजे आपण मर्द नाही. एका बापानं माझ्यासमोर मुलाला विचारलं, "तू हात नव्हता का उचलला?" मुलगा अकरा वर्षांचा होता. मी बापाला बाहेर बसवलं आणि नंतर त्याच्याशीही बोलले, कारण तोही मोडून गेला होता. त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं की अशा वेळी काय म्हणायचं असतं.

ज्या मुलाची चाल-बोलणं मऊ आहे, त्याचे हाल तर वर्गातच होतात. 'बायल्या' हा शब्द स्टाफरूममध्येही ऐकू येतो, म्हणून लिहिते. कुणाला कोण आवडतं, कुणाला आपण मुलगा वाटतो की मुलगी, हा आजार नव्हे आणि मारून बदलत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले आहेत. आणि बऱ्याच मुलांच्या छातीत वयात येताना गाठ येते, छाती थोडी वाढते. निम्म्याच्या आसपास मुलांना होतं, बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. हे माहीत नसल्यानं एका मुलानं दोन उन्हाळे तापीवर पोहायला जाणं सोडलं होतं. अंगात शर्टावर शर्ट घालायचा, मे महिन्यात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सुरुवात कुठून करायची.

पालकांपासून करा. १० ते १९ वयाच्या मुलगे-मुली दोघांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ पासून चालू आहे, त्याखाली आपल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. तिथल्या समुपदेशकांना शाळेत बोलवा. २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांमधलं लैंगिक शिक्षण विरोधामुळे थांबलं होतं, कारण पुस्तकात काय आहे हे पालकांना आधी कुणी विश्वासानं दाखवलंच नव्हतं, असं माझं मत आहे. तुम्ही पालकसभेत सगळं उघड मांडा, कोणता तक्ता, कोणते शब्द, किती वेळ. हरकत घेणाऱ्या त्या पालकांना त्या केळीच्या बागेतल्या पोराची गोष्ट सांगा. मुलाचा बाप या विषयावर वाद घालतो तोवर तो विषय त्याला मुलींचा वाटत असतो. पीळ सोडवायला सहाच तास असतात हे ऐकलं की तो गप्प होतो आणि पुढचा प्रश्न स्वतः विचारतो.

तास घ्या ते दोन. पहिला वेगवेगळा, कारण काही प्रश्न आपल्यासारख्यांतच विचारता येतात. पण दोन्ही वर्गांत मजकूर तोच हवा: मुलींनाही वीर्य म्हणजे काय ते कळू द्या, मुलांनाही पाळी. दुसरा तास एकत्र, त्यात आदर, नकार, मोबाइल, कुणाला मदत कशी मागायची हे. मुलांचा तास पुरुष शिक्षकानं घेतला तर बरं, तो तुम्हीच घ्या. अवयवांची नावं पुस्तकातली घ्या, पण एकदा त्यांच्या बोलीतला शब्दही उच्चारा, नाहीतर 'वृषण' म्हणजे आपलीच गोळी हे त्यांना कळत नाही. हे मी खरंच अनुभवलंय.

आधी आठवडाभर चिठ्ठ्यांची पेटी ठेवा, नाव न लिहिता. पहिल्या दिवशी शिव्या आणि चित्रं निघतील, ती बाजूला काढा, रागावू नका. तिसऱ्या दिवसापासून खरे प्रश्न येतात. एक गोळी खाली लोंबते, काही बिघडलंय का? (बहुतेकांची एक बाजू खाली असतेच.) पाळीत पोहलं तर चालतं का? निळी गोळी खाल्ली तर पुढे मुलं होत नाहीत का? (ती आठवड्याची लोहाची गोळी आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड. शौच काळं होतं, घाबरायचं नाही. चहाबरोबर मात्र घ्यायची नाही.) रात्री रडू येतं, कुणाला सांगू? अशी चिठ्ठी निघाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर लिहा आणि तुमच्या तासानंतर तुम्ही कुठे भेटाल तेही लिहा.

मागे एका शाळेत मुलाच्या अक्षरात चिठ्ठी होती: "वर्गातल्या मुलीला पाळी आली आणि ड्रेसला लागलं तर मी काय करायचं?" मी त्याला सांगितलं, तुझा स्वेटर किंवा दप्तर दे, बाईंना बोलाव, आणि नंतर त्यावर बोलू नकोस. मग तिथल्या बाईंना विचारलं, पॅड कुठे असतात. कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये होती. सर, तुमच्या शाळेत ती किल्ली कुठे आहे ते आधी बघा. तास ठरला की कळवा, मी येईन. शक्यतो आखाजीच्या सुट्टीआधी ठेवा.